नऊ नंबर

भोगीला आमच्याकडे मिशिगनमध्येही तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. पीठ इंडियन स्टोअरमधलं, जरा कडवट झालेलं; पावटे फ्रोजन; वांगी मिळतील तशी. २०२४ साली भोगी रविवारी आली, १४ जानेवारीला, आणि त्याच रात्री आठ वाजता डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर अमेरिकन फुटबॉलचा प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना होता: आमचे डेट्रॉइट लायन्स आणि रॅम्स. ताटं घेऊन आम्ही टीव्हीपुढेच बसलो. लॉस एंजेलिस रॅम्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, पाठीवर नऊ नंबर, मैदानात आला आणि अख्ख्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. मग लायन्सच्या क्वार्टरबॅकच्या नावाचा घोष सुरू झाला, तालावर: 'जॅ-रेड-गॉफ, जॅ-रेड-गॉफ'. माझी चौदा वर्षांची मुलगी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्या घोषात सामील झाली.

हुर्यो चालली होती ती मॅथ्यू स्टॅफर्डची. बारा हंगाम तो लायन्सकडून खेळला. मुलीची पहिली जर्सी त्याच्याच नावाची होती. घातली की पार घोट्यापर्यंत यायची, इतकी ती लहान होती तेव्हा. मी तिच्याकडे पाहिलं तशी म्हणाली, "बाबा, तो आधीपासूनच ओव्हररेटेड होता."

ओव्हररेटेड. आपल्याकडे 'नाव मोठं लक्षण खोटं' म्हणतात, पण ते इथे पुरत नाही. त्या म्हणीत माणूसच खोटा असतो. ओव्हररेटेडमध्ये माणूस बरा असू शकतो, त्याची किंमत लावणारे चुकलेले असतात. म्हणजे आरोप त्याच्यावर कमी आणि आमच्यावर जास्त. म्हणून तो शब्द मला झोंबला.

मी पुण्याहून इथे आलो फेब्रुवारी २००९ मध्ये. गाडीच्या दाराच्या लॅचेस हा माझा विषय. चाकणहून थेट डेट्रॉइटला, म्हणजे मोटारीच्या पंढरीलाच निघालो, म्हणून आईने पेढे वाटले होते. पोचलो तर पंढरीत सामसूम. एप्रिलअखेरीस क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज केला, १ जूनला जनरल मोटर्सने. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दर सोमवारी चार गाड्या कमी दिसायच्या. आणि गावाचा फुटबॉल संघ आदल्या हंगामात सोळा सामने खेळून सोळाच्या सोळा हरलेला. सोळा सामन्यांच्या हंगामात हा पराक्रम त्याआधी कुणीच केला नव्हता. इथे तळाला राहणाऱ्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून येणारे खेळाडू वाटून घेतात त्यात, पहिला घास मिळतो. तो घास म्हणजे जॉर्जिया विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा स्टॅफर्ड. त्याच्या करारात ४ कोटी १७ लाख डॉलरची हमी होती. नवख्या खेळाडूला एवढी रक्कम तोवर कुणी दिली नव्हती. कॅन्टीनमध्ये लोक त्या आकड्याला शिव्या घालायचे आणि त्याच दमात विचारायचे, पण हात कसा आहे म्हणे पोराचा?

हात और होता. हा खेळ मी शिकलो तोच त्याचा हात बघत. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात, आणि तेवढ्यात कुणाला, कुठे, किती जोरात फेकायचं हे ठरवून फेकून मोकळं व्हायचं. मैदानावर त्याच्या बाजूची आणखी दहा माणसं असतात, पण जिंकल्या-हरल्याची नोंद त्याच्या एकट्याच्या नावावर होते. क्रिकेटमध्ये कर्णधाराच्या नावावर होते तशी. फरक इतकाच, की इथे बाकीचे दहा कोण असावेत यात त्याला काडीचा हात नसतो.

त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला क्लीव्हलँड ब्राउन्सशी सामना होता. शेवटचा फेक करताना स्टॅफर्डला असं आदळलं की डावा खांदा निखळला. घड्याळात शून्य सेकंद, पण प्रतिस्पर्ध्याची चूक झाल्यामुळे एक खेळी शिल्लक. डॉक्टरांनी त्याला बाजूला बसवलेलं, बदली माणूस मैदानात गेलेला. ब्राउन्सनी टाइमआउट घेतला, आणि नियमाप्रमाणे जखमी खेळाडूला परत यायला वाट झाली. हा डॉक्टरांच्या हातून निसटून, डावा हात लोंबकळत ठेवून धावत आला आणि एका यार्डावरून चेंडू शेवटच्या रेषेपार फेकला, म्हणजे टचडाऊन. ३८–३७. मी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये एकटाच होतो. बायको-मुलगी अजून पुण्यात होत्या, नोकरी राहील की नाही याचा भरवसा नव्हता. त्या दिवशी मी या संघाचा झालो. आता कळतं, की तो सामना दोन रड्या संघांमधला होता आणि त्या विजयाने काहीच बदललं नाही. पण किंमत लावायची असते ती अशाच दिवशी लागून जाते, नंतर कुणी खाली उतरवत नाही.

मग आकडे येत गेले. २०११ साली त्याच्या फेकींनी संघ ५,०३८ यार्ड पुढे सरकला, ४१ टचडाऊन. २०१२ साली त्याने ७२७ वेळा चेंडू फेकला, तेव्हाचा विक्रम. त्याचे फेक झेलणारा रिसीव्हर कॅल्विन जॉन्सन याने त्या हंगामात १,९६४ यार्ड कमावले, तोही विक्रम. आणि संघ? चार विजय, बारा पराभव.

आमच्या महाराष्ट्र मंडळात एक मित्र आहे, विम्याच्या आकडेमोडीत आयुष्य गेलेला. गणपतीत मोदकाचं सारण ढवळताना त्याने मला हे समजावलं होतं. "अरे, ७२७ वेळा का फेकतो? कारण कायम मागे असतो. पुढे असलेला संघ चेंडू पोटाशी धरून पळतो, घड्याळ खातो. मागे पडलेला फेकत सुटतो. समोरचेही तेव्हा सैल झालेले असतात. हे यार्ड म्हणजे पाऊस पडून गेल्यावर भरलेलं पिंप आहे. आकडे फुगलेत." मी म्हटलं, मागे पडायला कारण तो एकटा आहे का? तर तो हसला आणि वेलदोड्याची पूड मागायला लागला.

त्याचं अर्धं खरं होतं. पण उरलेल्या अर्ध्यासाठी एकच गोष्ट सांगतो. २०१३ च्या थँक्सगिव्हिंगपासून २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जवळपास पाच वर्षं, चेंडू घेऊन पळणाऱ्या लायन्सच्या एकाही खेळाडूने एका सामन्यात शंभर यार्ड काढले नाहीत. ज्या संघाला पळताच येत नाही त्याचा क्वार्टरबॅक फेकणार नाही तर काय करणार? समोरच्यांनाही माहीत, की हा फेकणारच. शिवाय कॅल्विन जॉन्सनसारखा माणूस तिशीतच, २०१५ चा हंगाम संपल्यावर, कंटाळून आणि दुखावून निवृत्त झाला. तीन मुख्य प्रशिक्षक येऊन गेले. बारा हंगामांचा हिशेब: ७४ विजय, ९० पराभव, एक बरोबरी. प्लेऑफचे तीन सामने, तिन्ही हरलेले.

आणि गंमत अशी, की बाहेरच्या जगाने त्याला फार डोक्यावर घेतलंच नव्हतं. बारा वर्षांत प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत, निवड एकदाच. २०१७ साली पाच वर्षांसाठी साडेतेरा कोटी डॉलरचा करार झाला तेव्हा तो काही काळ लीगमधला सगळ्यात महागडा खेळाडू ठरला खरा, पण क्वार्टरबॅकच्या बाजारात जो शेवटी सही करतो तो सगळ्यात महागडा ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. त्याला थोर मानणारे होते ते मुख्यतः आम्ही, याच गावातले. आम्हाला दुसरं होतंच काय? २०१३ च्या जुलैमध्ये खुद्द डेट्रॉइट शहर दिवाळखोर झालं.

शेजारी एक आजोबा राहतात, चाळीस वर्षं असेंब्ली लाइनवर काढलेले. अंगणातला बर्फ ढकलायचं त्यांचं यंत्र आमच्याही दारापर्यंत येतं, आणि त्याबद्दल आमच्याकडून चकली जाते. बारा वर्षं हे आजोबा स्टॅफर्डचे वकील होते. समोरच्यांना अडवणारी लाइन नाही, बचाव नाही, मालक नालायक, पोरगा काय करील, हे त्यांचं पालुपद. १९५८ साली लायन्सनी बॉबी लेन नावाचा क्वार्टरबॅक ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन, टाकला. आदल्याच वर्षी संघ विजेता झाला होता, आणि त्यानंतर आजतागायत नाही. जाताना लेन म्हणाला की पन्नास वर्षं तुम्ही जिंकणार नाही, अशी कथा इथे सांगतात. तो असं खरंच म्हणाला का, कुणास ठाऊक. पण बरोबर पन्नास वर्षांनी आलं ते ०–१६ चं वर्ष. आणि लेन आणि स्टॅफर्ड दोघेही डॅलसच्या हायलँड पार्क या एकाच शाळेचे. हे सांगताना आजोबांचा आवाज आपल्याकडे वाड्यातल्या शापाबद्दल बोलताना होतो तसा व्हायचा.

३० जानेवारी २०२१ ला स्टॅफर्डच्या ट्रेडची बातमी आली. रॅम्सनी काय दिलं तर ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी, २०२२ आणि २०२३ च्या. तिसऱ्या फेरीतली एक. आणि स्वतःचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ. २०१६ साली गॉफला निवडल्यापासून रॅम्सनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू घेतलेला नव्हता. सगळ्या निवडी विकून विकून तयार माणसं आणत होते. बियाणं विकून बैल घेण्यातला प्रकार. यातही गॉफ हा माल म्हणून नव्हे, ओझं म्हणून आला. त्याचा करार इतका जड होता, की त्याला कुणी घ्यावं म्हणून निवडी जास्त द्याव्या लागल्या, असं सगळे उघड बोलत होते. दोन वर्षांपूर्वी संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलेला माणूस. चव्वेचाळीस रुपयांची भाजी घेतली की भाजीवाला सुट्टे नाहीत म्हणून कोथिंबीर देतो, तसा बरोबर आला. त्या आठवड्यात ओव्हररेटेड हा शब्द गॉफला होता.

आता सगळ्यांना वाटलं, निकाल लागणार. चांगला प्रशिक्षक, चांगले रिसीव्हर, बचावात आरन डोनाल्डसारखा राक्षस. प्रयोगशाळेत एकच गोष्ट बदलून बघतात तसं. मीही तसंच समजत होतो. माझा स्वतःचा अनुभव असताना समजत होतो, हे विशेष.

एका कंपनीत माझं लॅचचं एक डिझाइन चार वर्षं पडून होतं. दर चाचणीत थंडीत अडकायचं. वरिष्ठांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की पुण्याहून फार अपेक्षेने आणलेला माणूस निघाला सुमार. मी नोकरी बदलली. दुसऱ्या कंपनीत जवळपास तेच डिझाइन मांडलं. तिथे टूलिंगचा विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी साच्याचा एक कोपरा पाव मिलिमीटरने मोकळा करायला सांगितला आणि लॅच उणे तीसमध्ये खटकन उघडली. तिथे मला फलक मिळाला, फोटो निघाला. मी तोच होतो. चुकाही त्याच करत होतो; त्या पकडायला कुणीतरी होतं.

२०२१ च्या हंगामात स्टॅफर्डनेही तसंच केलं, म्हणजे तेच केलं जे तो इथे करत होता. ४,८८६ यार्ड, ४१ टचडाऊन, आणि १७ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेले फेक. लीगमध्ये त्याहून जास्त कुणाची नव्हती. नोव्हेंबरमध्ये रॅम्स लागोपाठ तीन सामने हरले आणि तिन्हीत त्याने फेकलेला चेंडू समोरच्यांनी पकडून थेट टचडाऊनपर्यंत नेला. मी इथे बसून ओळखायचो: हा फेक बघ, हा आपलाच. दोन माणसांच्या मधल्या वितीएवढ्या फटीतून घालायचा मोह. हात इतका और असला की डोकं त्याच्यावर नको तेवढं विसंबतं. हा त्याचा दोष खरा आहे, तो कुठल्याही रिसीव्हरने झाकला जात नाही.

मग ३० जानेवारी २०२२. ट्रेडच्या बातमीला बरोबर एक वर्ष. सुपर बोलच्या अलीकडचा सामना, समोर सॅन फ्रान्सिस्को. चौथा क्वार्टर, रॅम्स १४–१७ ने मागे. स्टॅफर्डने तोच आपला चेंडू मारला, उंच, लांब आणि चुकीचा. खाली सॅन फ्रान्सिस्कोचा जॅक्विस्की टार्ट एकटा उभा. चेंडू थेट त्याच्या हातात आला आणि हातातून निसटला. शाळकरी पोरानेही घेतला असता असा झेल. नंतर टार्टने काही सबब न सांगता ते कबूलही केलं. रॅम्सनी त्याच चढाईत बरोबरी साधली आणि सामना २०–१७ ने जिंकला. दोन आठवड्यांनी सुपर बोल. सिनसिनाटीविरुद्ध १६–२० अशा पिछाडीवर ७९ यार्डांची चढाई. त्यात एक फेक असा, की स्टॅफर्ड बघतोय एकीकडे आणि चेंडू जातोय दुसरीकडे, रिसीव्हर कूपर कपच्या हातात. तो फेक मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. २३–२०.

टार्टने झेल घेतला असता तर? तर त्या नजर चुकवून मारलेल्या फेकीची वेळच आली नसती. बारा वर्षं डेट्रॉइटमध्ये हरला, सगळं दिलं तरी हरला, असं बोलून विषय बंद झाला असता.

आणि याच्या उलट टोकाचा एक दिवस आमच्याकडे आहे. ४ जानेवारी २०१५, डॅलस. प्लेऑफ. लायन्स २०–१७ ने पुढे, आठेक मिनिटं उरलेली. स्टॅफर्डने आपल्या पेटिग्र्यूकडे चेंडू मारला, डॅलसच्या खेळाडूने चेंडूकडे न बघता त्याला धक्का दिला, पंचाने पिवळा फ्लॅग टाकला, माइकवरून चूक जाहीरही केली. मग पंचांनी आपापसात काहीतरी कुजबुज केली आणि फ्लॅग उचलून खिशात घातला. कारण नीट सांगितलंच नाही. आमची पुढची किक जेमतेम दहा यार्ड गेली, डॅलसने टचडाऊन केला, सामना २४–२० ने गेला. मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोने माझ्या आईला फोन करून सांगितलं, की तुमचा मुलगा अमेरिकन झाला.

एक उचललेला फ्लॅग, एक सुटलेला झेल. मधल्या सात वर्षांत फेकणारा तोच. १९९९ साली चेन्नईत सचिन पाठ धरून १३६ काढून बाद झाला आणि आपण पाकिस्तानशी बारा धावांनी हरलो, तेव्हा 'सचिन शेवटपर्यंत नेत नाही' म्हणणारे माझे एक मामा होते. २०११ च्या वानखेडेनंतर तेच मामा ढोल घेऊन रस्त्यावर होते, आणि अंतिम सामन्यात सचिनच्या धावा होत्या अठरा.

सुपर बोलच्या रात्री डेट्रॉइटमध्ये लोक 'डेट्रॉइट रॅम्स' छापलेले टी-शर्ट घालून बसले होते. घर सोडून गेलेल्या मुलाला परदेशात बक्षीस मिळावं तसं. मी खूश होतो. आजोबा मात्र दुसऱ्या दिवशी बर्फ ढकलताना म्हणाले, "एवढी टीम दिली तर कुणीही जिंकेल. फार काही नाही त्याच्यात." मला आधी कळेचना. बारा वर्षांचे वकील एका रात्रीत फिर्यादी झालेले. पण विचार केला तर त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या बाजूने. तो इथे हरत होता तोवर संघ वाईट होता आणि तो चांगला. तो दुसरीकडे जाऊन वर्षात जिंकला, तर मग खोट कुणात ठरली? आमच्यात. गावात, मातीत, शापात. त्यापेक्षा तो ओव्हररेटेड ठरलेला परवडला.

पुढे २०२२ मध्ये रॅम्स ५–१२ वर आले, स्टॅफर्ड दुखापतींमुळे नऊच सामने खेळला. आणि इकडे कोथिंबिरीसारखा आलेला गॉफ पहिल्या वर्षी तीन सामने जिंकून, तोंडात मारल्यासारखा गप्प खेळत राहिला. लायन्सचा नवा जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स हा रॅम्सकडूनच आलेला. त्याने त्या विकलेल्या बियाण्यातून पीक काढलं. जेमिसन विल्यम्स, जमीर गिब्स, सॅम लापोर्टा, सगळे थोडी अदलाबदल करून त्याच निवडींमधून आलेले. २०२३ चा हंगाम १२–५. आणि प्लेऑफचा पहिला सामना कुणाशी, तर स्टॅफर्डशी. असं एखाद्या मालिकेत दाखवलं तर आपण चॅनल बदलतो.

तर भोगीची रात्र. स्टॅफर्डने ३६७ यार्ड फेकले, गॉफने २७७. दुसऱ्या अर्धात रॅम्स जवळ जात राहिले आणि टचडाऊनऐवजी फील्ड गोलवर, म्हणजे किकच्या तीन गुणांवर, समाधान मानत राहिले. शेवटची चार मिनिटं चेंडू लायन्सकडे होता. गॉफने एक साधा, नीट, अकरा यार्डांचा फेक अमॉन-रा सेंट ब्राउनला दिला आणि घड्याळ संपवलं. २४–२३. १९९२ च्या जानेवारीनंतर लायन्सचा प्लेऑफमधला पहिला विजय. बाहेर शेजारपाजारचे लोक त्या थंडीत दारं उघडून ओरडत होते. आजोबा बनियनवर अंगणात उभे.

स्टॅफर्ड त्या चार मिनिटांत बाजूला उभा होता, हेल्मेट डोक्यावर तसंच. कुणीतरी चेंडू हिसकावून त्याच्याकडे देईल अशा तयारीत. बारा वर्षं मी त्याला तसंच उभं पाहिलं होतं. मला त्या क्षणी लायन्स जिंकावेत असंच वाटत होतं, आणि त्याला आणखी एक खेळी मिळावी असंही. मुलगी विचारत होती, बाबा, तू कुणाच्या बाजूने आहेस नक्की. मी तिला चहा ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, शाळेला सुट्टी. सुट्टीनंतर तिला शाळेत जर्सी घालून जायचं होतं, आणि नवी मिळत नव्हती. गावातल्या दुकानांत निळं कापड शिल्लक नव्हतं. मग कपाटातून माझी जुनी निघाली, स्टॅफर्डची. ती म्हणाली, हे नाव घेऊन मी जाणार नाही. बायकोने शिवणाच्या डब्यातून कात्री काढली आणि पाठीवरचं नाव एकेक अक्षर उसवत बसली, मधेमधे तिळगूळ तोंडात टाकत. कापडावर टाक्यांची भोकं राहिली, जवळून पाहिलं तर नाव वाचता येत होतं. नंबर मात्र तसाच ठेवला. लायन्सचा नऊ नंबर त्या हंगामात जेमिसन विल्यम्सचा होता, ट्रेडमध्ये आलेल्या निवडीवर घेतलेला पोरगा.

"चालेल?" बायकोने विचारलं.

मुलीने जर्सी उलटीपालटी करून पाहिली, भोकांवरून बोट फिरवलं, आणि शाळा उघडली त्या सकाळी ती घालून बसस्टॉपकडे पळाली.